माय साय नाम प्ला! थायलंडला जाणाऱ्यांचे खाण्याचे प्रश्न

थायलंडला जाताय आणि खाण्याबद्दल काही विचारायचंय तर लिहा, असं गेल्या महिन्यात म्हटलं होतं. प्रश्न भरपूर आले, सगळे छापणं शक्य नाही म्हणून एकसारखे एकत्र केलेत. बहुतेकांची भीती एकच दिसली, की तिथे आपल्याला खायला काही मिळणार नाही, किंवा जे मिळेल त्यात काय असेल ते कळणार नाही. पहिलं खरं नाहीये. दुसरं बरंचसं खरं आहे, पण त्यावर उपाय आहे आणि तो फार सोपा आहे, त्यामुळे पहिलं उत्तर जरा लांबलंय, ते सगळ्यांनीच वाचा.

प्रश्न: आम्ही चौघं जातोय. मी आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. टूरवाले म्हणतात रोज दोन्ही वेळा इंडियन बुफे देऊ, बाहेर काही खाऊ नका, तिथे व्हेज म्हणजे पण मासे असतात. खरंच काहीच मिळणार नाही का? सासूबाईंना तिथलं काहीतरी चाखायची खूप इच्छा आहे.

उत्तर: मिळतं हो, आणि चांगलं मिळतं. पण टूरवाले अगदीच खोटं बोलत नाहीयेत, कारण थाई स्वयंपाकात मासा दिसत नाही तिथेही असतो. आपण मीठ घालतो तिथे ते नाम प्ला घालतात, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, फिश सॉस. करीच्या वाटणात कापि असतं, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट. पालेभाजी परततात त्यात ऑयस्टर सॉस पडतो आणि सूपचं पाणी बहुतेक वेळा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचं असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका साध्या हॉटेलात नुसतं ‘नो मीट’ सांगून भाज्यांचं सूप मागवलं, समोर आलं त्यात खरंच मांसाचा तुकडा नव्हता, पण पाणी हाडांचंच होतं आणि ते मला अर्धा बाउल संपल्यावर कळलं. त्या बाईंनी काही फसवलं नव्हतं, मी सांगितलं तेच केलं होतं. तेव्हापासून मी ‘व्हेज’ हा शब्द तिथे वापरतच नाही.

वापरायचा शब्द आहे जे. थायलंडमधल्या चिनी वंशाच्या लोकांची ही जुनी पद्धत आहे, जे म्हणजे मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध नाही, फिश सॉस नाही, आणि वर कांदा-लसूणही नाही. म्हणजे तुमच्या सासूबाईंना हवंय त्यापेक्षाही कडक. जे दुकानाबाहेर पिवळी पाटी किंवा पिवळा झेंडा असतो आणि त्यावर लाल रंगात एक अक्षर, जे साधारण आपल्या इंग्रजी आकड्यातल्या १७ सारखं दिसतं. ते एकदा नजरेत बसलं की बँकॉकमध्ये गल्लीगल्लीत दिसायला लागतं, फूड कोर्टात दिसतं, सेव्हन इलेव्हनमधल्या पाकिटांवरही दिसतं. ट्रेमध्ये सात-आठ भाज्या मांडलेल्या असतात, बोट दाखवायचं, भातावर वाढून देतात. टोफू, मशरूम, सोयाचे तुकडे, वांगं, कोबी, काय काय असतं. सोयाचे तुकडे दिसायला हुबेहूब मटणासारखे असतात, सासूबाईंना आधी सांगून ठेवा नाहीतर त्या हात लावणार नाहीत.

दुसरा शब्द आहे मांगसाविरात. हा नीट बघा, मांसविरती! संस्कृतातूनच गेलाय. आहाराला ते आहान म्हणतात, लिहिताना शेवटी र आहे पण बोलताना न होतो. चवीला रोत म्हणतात, तो आपला रस. मांगसाविरातमध्ये अंडं आणि दूध चालतं, म्हणून तुम्ही दोघींनी जेच म्हणा.

जे दुकान नाही सापडलं तर? तर ताम सांग दुकान शोधायचं. आहान ताम सांग म्हणजे सांगाल तसं करून देणार. रस्त्याकडेला एक कढई, पुढे काचेत भाज्या, मागे चार टेबलं. इथे प्रत्येक प्लेट तुमच्यासमोर वेगळी होते, त्यामुळे नको ते घालू नका म्हणता येतं, आणि मला विचाराल तर थायलंडमधली खरी गंमत याच दुकानांत आहे. माय साय म्हणजे घालू नका. माय साय नुआ सात, मांस नको. माय साय खाय, अंडं नको. माय साय नाम प्ला, फिश सॉस नको. माय साय नाम मान होय, ऑयस्टर सॉस नको. मिठाऐवजी काय घालायचं ते सुचवायला सी इव खाव म्हणा, तो साधा सोया सॉस. बायकांनी शेवटी खा आणि पुरुषांनी ख्राप जोडायचं, ते आपल्या ‘हं जी’सारखं आदराचं. आणि घाबरू नका, आपल्याला उच्चार बरे जमतात, कारण ख, थ, फ हे त्यांच्याकडे आपल्यासारखेच आहेत, फुकेतमधला फ हा फणसातला फ आहे.

ताम सांगमध्ये मागवायचं काय तर फात फाक रुआम, म्हणजे मिक्स भाज्या परतून, भाताबरोबर. किंवा फात काफ्राव टोफू घालून, काफ्राव ही तिथली तुळस, आपल्या तुळशीच्याच कुळातली, मिरची-लसणात परतलेली, तिचा वास अख्ख्या गल्लीत येतो. फाक बुंग म्हणजे नाळीची भाजी, ती मोठ्या जाळावर अर्ध्या मिनिटात करतात. नूडल्स मागताना बा मी नको, त्यात अंडं असतं, सेन लेक किंवा सेन याय सांगा ते तांदळाचे, वून सेन मुगाचे. आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती, लांब गोल नळीतून कापलेला पिवळसर मऊ टोफू दिसला तर तो अंड्याचा असतो, पांढरा चौकोनी मागा.

करी मात्र जे दुकानाबाहेर टाळा. ग्रीन करी, रेड करीचं वाटण आधीच तयार असतं, त्यातलं कापि कोणी काढू शकत नाही. सोम तामचंही (कच्च्या पपईची कोशिंबीर) तसंच आहे, पण ती समोर खलबत्त्यात कुटतात, त्यामुळे सुकी कोळंबी आणि नाम प्ला नको म्हटलं तर जमतं. खलबत्ता आधीच्या गिऱ्हाइकाचा असतो, ते चालत असेल तरच.

बुफेचे पैसे भरले असतील तर रात्रीचं तिथे जेवा, पण दुपारचं तरी सासूबाईंना बाहेर खाऊ घाला. त्यांची इच्छा आहे ना, मग.

प्रश्न: आम्ही जैन आहोत, कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काहीच नाही. जे चालेल का?

उत्तर: कांदा-लसणाचा प्रश्न जेमध्ये सुटतो, कंदमुळांचा नाही. बटाटा, गाजर, मुळा जेमध्ये सर्रास असतो, आलंही असतं. ट्रेमधलं बघून निवडा, पालेभाजी, कोबी, टोफू, दुधी असं. ताम सांगमध्ये लसूण नको सांगायला माय साय क्राथियम. बँकॉकमध्ये फाहुरात नावाचा भाग आहे, कपड्यांच्या दुकानांचा, मेट्रोच्या साम योत स्टेशनपासून चालत, तिथे भारतीय वस्ती जुनी आहे आणि शाकाहारी भारतीय हॉटेलं आहेत, मोठा गुरुद्वाराही आहे तिथेच. पट्टायाला आणि फुकेतच्या पातोंगला तर भारतीय हॉटेलं रांगेने आहेत.

तारखा हातात असतील तर एक सुचवते. जे उत्सव नऊ दिवसांचा असतो, चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्राबरोबरच येतो, त्यांचा अधिक महिना आला की पुढे सरकतो. त्या दिवसांत बँकॉकच्या चायनाटाउनमध्ये, म्हणजे याओवारातला, आणि फुकेतला रस्तेच्या रस्ते पिवळ्या झेंड्यांनी भरतात, एरवी डुकराचं मांस विकणारेही जे करून विकतात. शाकाहारी माणसासाठी यापेक्षा चांगला आठवडा नाही. फुकेतच्या मिरवणुकीत मात्र लोक गालातून सळया, सुरे आरपार घालून चालतात, लहान मुलं बरोबर असतील तर तेवढं टाळा.

प्रश्न: दोघं मित्र, पाच दिवस फक्त बँकॉक, सगळं खातो. रोज साधारण किती लागतील आणि कुठे कुठे जाऊ? मॉलमध्ये खाणं महाग पडतं का?

उत्तर: सगळं खाता, बजेटही ठरवताय, तुमचं काम सोपं आहे. रस्त्यावरची एक प्लेट, भात-करी किंवा नूडल्स, ५० ते ८० बाट. फूड कोर्टात त्याच्या आसपासच, थोडं वर. एसी हॉटेलात एक डिश १५० ते ३०० आणि मेन्यूवर दोन अधिक चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ७ टक्के व्हॅट वेगळा लागतो, हे बिल आल्यावर कळतं म्हणून आधीच बघा. दोन वेळचं जेवण, नाष्टा, फळं, कॉफी धरून माणशी ४०० ते ५०० बाटमध्ये दिवस मजेत जातो.

मॉल महाग ही समजूत सोडा. तिथले फूड कोर्ट ऑफिसच्या लोकांसाठी असतात आणि भाव रस्त्याच्या जवळपास. असोक स्टेशनला लागून टर्मिनल २१ मॉल आहे, त्यातलं पिअर २१ हे माझं पहिल्या दिवसाचं ठरलेलं ठिकाण, काउंटरवर पैसे देऊन कार्ड घ्यायचं, प्रत्येक स्टॉलला ते दाखवायचं, उरलेले पैसे परत मिळतात. चित्रं आणि किमती समोर लावलेल्या असतात त्यामुळे पाच-सहा पदार्थांची नावं तिथेच पाठ होतात, मग रस्त्यावर जाताना आत्मविश्वास येतो. बारा ते एक मात्र टाळा, सगळी ऑफिसं एकदम जेवायला सुटतात. विमान उतरल्या उतरल्या भूक लागली असेल तर सुवर्णभूमी विमानतळावरच पहिल्या लेव्हलला, टॅक्सी मिळतात त्याच मजल्यावर, मॅजिक फूड पॉइंट आहे, विमानतळाचे कर्मचारी तिथे जेवतात, वरच्या मजल्यावरच्या हॉटेलांपेक्षा कितीतरी स्वस्त.

एक संध्याकाळ याओवारातसाठी ठेवा, म्हणजे चायनाटाउन, मेट्रोचं वात मांगकोन स्टेशन. सहानंतर जा आणि सोमवारी नको, बऱ्याच गाड्या तेव्हा बंद असतात. दोघं आहात तर एका गाडीवर एकच प्लेट घ्या आणि पुढे सरका, नाहीतर तिसऱ्या गाडीलाच पोट भरतं. दुपारी एखादा दिवस नदीपलीकडे वांग लांगला जा, सिरिराज हॉस्पिटलला लागूनचा बाजार, फेरीबोटीने काही बाटमध्ये पलीकडे, तिथे नर्सेस आणि कॉलेजची पोरं खातात. विक्टरी मॉन्युमेंटजवळ बोट नूडल्स, वाट्या एवढ्याशा असतात म्हणून एकेकाने आठ-दहा खायच्या असतात, पण त्या रश्श्यात रक्त घालतात हे माहीत असू द्या. चातुचाकच्या शनिवार-रविवारच्या बाजारात जाल तेव्हा रस्ता ओलांडून ओर तोर कोर मंडईत शिराच, स्वच्छ, नीट मांडलेली आणि फळं अप्रतिम, थोडी महाग.

पाड थाईसाठी, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्ससाठी, महाचाय रस्त्यावर थिप सामाय हे हॉटेल आहे, १९६६ पासूनचं, रांग असते पण पटपट सरकते. पाड थाई तसा काही फार प्राचीन पदार्थ नाही, फिबुनसोंग्खराम पंतप्रधान असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, सरकारनेच तो देशभर पसरवला. त्यामुळे तुम्ही थायलंडला जाऊन नुसता पाड थाई खाऊन आलात तर मला वाईट वाटेल.

प्रश्न: रस्त्यावरचं खाऊन पोट बिघडेल का? बर्फ घ्यावा का? बरोबर आई-बाबा आहेत, दोघंही सत्तरीचे.

उत्तर: गर्दी असलेली गाडी, समोर कढईतून निघालेलं गरम, एवढं पाळलं तर मला रस्त्यावर कधी त्रास झालेला नाही. त्रास झाला तो एका हॉटेलच्या ब्रेकफास्ट बुफेला, तासन्तास उघडं ठेवलेलं खाऊन. भात-करीच्या दुकानांत, म्हणजे खाव कॅंग, जेवण सकाळी करून ट्रेमध्ये ठेवतात, तिथे सकाळी दहा-अकरापर्यंत जा, दुपारी तीनला नको. नळाचं पाणी पिऊ नका, बाटली सेव्हन इलेव्हनमध्ये १० बाटच्या आत-बाहेर मिळते आणि ते दुकान देशभरात १४ हजारांच्या वर आहे, शोधावं लागत नाही. बर्फ मध्ये भोक असलेला नळीसारखा असेल तर तो कारखान्यातला, पिण्याच्या पाण्याचा. फोडलेला चुरा बर्फ मासे ठेवायला वापरतात, पेयात दिसला तर सोडून द्या.

आई-बाबांना सकाळी जोक द्या, तांदळाची अगदी मऊ पेज, वर आल्याचे बारीक काप, नेहमी त्यात डुकराचे गोळे असतात ते नको सांगता येतात पण पेज कधीकधी हाडांच्या पाण्यात शिजवलेली असते. खात असतील तर काहीच अडचण नाही, पचायला हलकं. रात्री कॅंग जूत, टोफू आणि कोबीचं पातळ सूप, अजिबात तिखट नसतं. पहिले दोन दिवस कच्ची कोशिंबीर नको, पोटाला सवय होऊ द्या.

प्रश्न: आम्ही चिकन-मासे खातो पण बीफ आणि पोर्क नाही. मेन्यूवर कसं ओळखायचं?

उत्तर: आधी एक घोटाळा दूर करते. इंग्रजीत जी, ए, आय असं लिहिलेलं असतं ते वाचून आपल्याला वाटतं गाय. ती गाय नाही, कोंबडी आहे, उच्चार काय असा. फात थाय काय म्हणजे चिकन पाड थाई. बीफ म्हणजे नुआ किंवा नुआ वुआ, पोर्क म्हणजे मू, मासा प्ला, कोळंबी कुंग, खेकडा पू, माकूळ प्ला मुक.

बीफ टाळणं सोपं आहे. ते मागितल्याशिवाय फारसं येत नाही, आणि थाई लोकांतही क्वान इम देवीचे भक्त बीफ खात नाहीत, त्यामुळे तुम्ही नाही म्हटलंत तर कुणाला नवल वाटत नाही. पोर्क मात्र जागोजागी आहे, कीमा, रस्सा, चरबी, कशातही. नक्की टाळायचं असेल तर हलाल दुकानं बघा, हिरवी चौकटीची खूण असते, तिथे पोर्क नाही म्हणजे नाहीच. खाव मोक काय मिळतं तिथे, बिर्याणीचंच भावंड, पिवळा भात आणि वर पुदिन्याची गोड-आंबट चटणी. दक्षिणेत, क्राबी वगैरे भागात, अशी दुकानं खूप.

प्रश्न: सात वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तिखटही चालत नाही. घाबरून ट्रिप रद्द करायचा विचार येतोय.

उत्तर: रद्द करू नका, पण हे प्रकरण गमतीवर नेऊ नका. पाड थाई, सोम ताम, साते आणि मासामान करी या चारांत शेंगदाणा असतोच असतो, आणि गाडीवर एकच कढई, एकच खलबत्ता सगळ्यांना फिरतो, त्यामुळे ‘दाणे घालू नका’ म्हणणं पुरेसं नाही. फे थुआ लिसोंग म्हणजे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, हे वाक्य थाई लिपीत छापून, मोठ्या अक्षरात, कार्ड करून घ्या, हॉटेलच्या रिसेप्शनवर एकदा वाचून खात्री करा आणि प्रत्येक ठिकाणी ऑर्डरच्या आधी दाखवा. डॉक्टरांनी दिलेलं औषध पाठीवरच्या बॅगेत, हॉटेलच्या खोलीत नाही. मुलाचं जेवण रस्त्यावर न घेता स्वयंपाकघर वेगळं असलेल्या हॉटेलात घ्या, तिथे साधा खाव फात (फ्राइड राइस), भातावर खाय जियाव म्हणजे ऑम्लेट, किंवा खाव मान काय, उकडलेलं चिकन आणि त्याच्याच पाण्यात शिजवलेला भात. तिखट नको तर माय फेत. थोडंसं चालेल तर फेत नित नोय, पण त्यांचं थोडंसं आपल्या थोडंशापेक्षा पुढचं असतं.

प्रश्न: तिथे चॉपस्टिकने खावं लागतं का? टिप किती?

उत्तर: नाही. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, काट्याने चमच्यावर सारायचं आणि चमचा तोंडात, काटा तोंडात घालत नाहीत. चॉपस्टिक फक्त रश्श्यातल्या नूडल्सला. चिकट भात, खाव नियाव, हातानेच, लहान गोळा करून, आपल्याला ते आपोआप जमतं. पदार्थ मध्ये ठेवून सगळे वाटून खातात म्हणून चौघं असाल तर चार वेगवेगळे मागवा, चार पाड थाई नको. टेबलावर चार डब्या असतात, साखर, मिरचीचं व्हिनेगर, मिरची घातलेलं नाम प्ला आणि लाल मिरचीची पूड, चव घेऊन मग त्यातलं घालायचं, यात स्वयंपाकी नाराज होत नाही. (शाकाहारींनी तिसरी डबी लांब ठेवा.) टिप सक्तीची नाही, सुटे ठेवले तरी पुरे. बिल मागायला चेक बिन.

प्रश्न: लग्नाचा पंचविसावा वाढदिवस बँकॉकमध्ये करायचाय. एक रात्र खास, खर्च झाला तरी चालेल. मिशेलिनवालं वगैरे घ्यावं का?

उत्तर: अभिनंदन! बँकॉकसाठी मिशेलिनची पहिली गाइड २०१८ ची आणि आता एवढी नावं आहेत की गोंधळ होतो. थायलंडच्या दक्षिणेकडचं जेवण खूप मनापासून करणारं सोर्न हे हॉटेल आहे, २०२५ च्या गाइडमध्ये त्याला तीन स्टार मिळाले, थायलंडमधलं ते पहिलंच तीन स्टारवालं. जागा मिळणं मात्र कर्मकठीण, महिने आधी बघायला लागेल. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांचं गा हे हॉटेल बँकॉकमध्येच आहे, मिशेलिन स्टार मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ती, आणि तिथे शाकाहारी मेन्यू आधी सांगून होतो. जे फाय या आजींचं नाव तुम्ही ऐकलं असेल, डोळ्यांवर गॉगल लावून कोळशावर खेकड्याचं ऑम्लेट करतात, एक स्टार आहे, ऑम्लेट हजार बाटच्या वर. पण रस्त्याकडेचं साधं दुकान आहे आणि तासन्तास थांबावं लागतं, पंचविसाव्या वाढदिवसाची संध्याकाळ मी तिथे घालवणार नाही.

मी काय करीन सांगू? चाव फ्राया नदीकाठी, वात अरुण हे मंदिर समोर दिसेल असं एखादं हॉटेल, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीचं टेबल, आणि जेवण पूर्ण थाई. नदीतल्या डिनर क्रूझवर बुफे असतो आणि शाकाहारी पर्याय अगदी थोडे, दृश्य छान पण जेवणासाठी जाऊ नका. आणि वाइन हवी असेल तर तारीख तपासा, विशाखा बुचासारख्या बौद्ध सणांना दारूविक्रीवर बंधनं असतात. विशाखा बुचा म्हणजे वैशाख पूजा, बुद्धपौर्णिमा, कॅलेंडरवर सापडेल.

प्रश्न: बँकॉक सोडून चियांग माय आणि फुकेतला जाणार. जेवण वेगळं असतं का?

उत्तर: खूप वेगळं, आणि हे विचारलंत म्हणून बरं वाटलं. उत्तरेला नारळ कमी, तिखट मध्यम. चियांग मायला खाव सोय खायचंच, नारळाच्या दुधातला करीचा रस्सा, त्यात मऊ नूडल्स आणि वर तळलेले कुरकुरीत नूडल्स, बाजूला लोणच्याची मोहरीची पानं, कच्चा छोटा कांदा आणि लिंबू, ते पिळल्याशिवाय खाऊ नका. नाम प्रिक नूम म्हणजे भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचा ठेचाच, चिकट भाताबरोबर, फक्त त्यात नाम प्ला आहे का ते विचारा. रविवारी संध्याकाळी राचादामनोएन रस्त्यावर बाजार भरतो आणि खाण्याच्या गाड्या देवळांच्या आवारात लागतात. तिथे खानोम क्रोक शोधा, आप्पेपात्रासारख्या तव्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, बाहेरून कुरकुरीत आणि आत जवळजवळ पातळ. आप्पेच ते, गोड-खारट.

फुकेतला जेवण झणझणीत, हळद भरपूर, मासे भरपूर. युनेस्कोने २०१५ मध्ये त्या शहराला खाद्यसंस्कृतीसाठी यादीत घेतलं. समुद्रकिनाऱ्यावरच राहून तिथलीच पर्यटकांची हॉटेलं केलीत तर यातलं काहीच कळणार नाही, एक दिवस जुन्या शहरात जा, हॉक्किएन नूडल्स खा, सकाळी रोटी आणि करी, आणि उन्हात ओ एव म्हणजे बर्फ घातलेली जेली. कॅंग सोम ही करी मागवलीत तर सावकाश, ती आंबट आणि जाळ असते. दोन ठिकाणांत एकच निवडायचं असेल आणि शाकाहारी असाल तर चियांग माय, तिथे शाकाहारी जागा चिकार आहेत.

प्रश्न: मँगो स्टिकी राइस कधी चांगला मिळतो? आणि ड्युरियन हॉटेलच्या खोलीत नेता येतो का?

उत्तर: आंबा मार्च ते मे उत्तम. वर्षभर मिळतो पण तेव्हाचा वेगळाच, आणि भातावर नारळाचं खारट-गोड दूध आणि भाजलेली मुगाची डाळ असते ती टाकून देऊ नका. यात दूध नारळाचं, अंडं नाही, मासा नाही, म्हणजे पहिल्या प्रश्नातल्या सासूबाईंनाही चालेल.

ड्युरियन खोलीत नाही. बहुतेक हॉटेलांत मनाईची पाटी असते आणि वास राहिला तर दंड लावतात, मेट्रोतही नेऊ देत नाहीत. मंडईतच गर काढून डब्यात देतात, तिथेच उभं राहून खा, आणि पहिल्यांदा खात असाल तर छोटा तुकडा घ्या, जातीप्रमाणे भाव खूप बदलतो म्हणून आधी थाव राय, कितीला, हे विचारून घ्या.